रिमोट चालत नाही : दोष रिमोटचा की टीव्हीचा?

अकलूजसारख्या बाजारपेठेच्या गावात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ए.सी. दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे एक तक्रार हमखास येते : रिमोट चालत नाही. गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यातून भाडे खर्चून आलेले असते. त्याला सरळ नवा रिमोट दिला आणि दोष टीव्हीत निघाला, तर त्याचे पैसे गेले आणि आपली पत गेली. म्हणून रिमोटचा किरण काम कसा करतो, हे कारागीर बांधवांनी नीट समजून घेतले पाहिजे.

रिमोटच्या टोकाला असलेल्या छोट्या दिव्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश होय. तांबड्या रंगाच्या पलीकडचा. गुऱ्हाळाच्या चुलाणापासून चार हात लांब उभे राहिले तरी तोंडाला धग लागते, ती मुख्यतः याच किरणांची. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाला १८०० साली ते सापडले. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, तांबड्याच्या बाहेर ठेवलेला तापमापक तापतो असे त्याने पाहिले.

आता प्रश्न असा की ऊन, बल्ब, चूल या सर्वांतून हे किरण निघतात, मग टीव्हीला रिमोट ओळखू कसा येतो? उत्तर लुकलुकण्यात आहे. बऱ्याच रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा चालू-बंद होतो. ही लुकलुक मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते. त्या लांब-आखूड खंडांतून बटणाचा सांकेतिक आकडा तयार होतो. टीव्हीतील रिसीव्हर फक्त याच वेगाची लुकलुक उचलतो आणि स्थिर उजेड सोडून देतो. तरीही काचेवर कडक ऊन पडले, किंवा जवळ सी.एफ.एल. दिवा असला, तर तो गोंधळतो. अशा वेळी टीव्हीची जागा बदलून पाहावी, स्क्रू खोलण्याची घाई नको. प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा निराळी, म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याला चालेलच असे नाही.

परीक्षा सोपी आहे. मोबाईलचा कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे व बटण दाबावे. दिवा पडद्यावर जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. पुष्कळ मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात हे किरण अडवणारी काच असते. तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे. आधी चालू असलेल्या रिमोटवर खात्री करून घेतली म्हणजे फसगत होत नाही. हे गिऱ्हाइकासमोरच करावे, म्हणजे त्यालाही पटते.

दिवा अजिबात दिसला नाही तर प्रथम सेल बदला. सेल गळून पत्र्यांवर गंज चढला असेल तर तो खरवडून साफ करा. एकदोनच बटणे मेली असतील तर रबराखालचा कार्बन झिजलेला असतो. रिमोट खाली पडल्यापासून बंद असेल तर आतला रेझोनेटर तपासा. जुन्या रिमोटांत त्यावर ४५५ असा आकडा असतो. त्याचे ४५५ किलोहर्ट्झ बाराने भागले की वर सांगितलेला ३८ हजारांचा वेग मिळतो. हा नाजूक तुकडा आपटल्याने तडकतो, आणि मग कितीही नवे सेल घातले तरी उपयोग नाही. पाटी धड असेल तर तेवढा एक तुकडा बदलून रिमोट चालू होतो. नवा विकायची गरज नाही.

दिवा लुकलुकतो, पण टीव्ही ऐकत नाही? बाजारू रिमोट असेल तर तो त्याच मॉडेलचा आहे ना, हे आधी पाहा. नंतर काचेवरची धूळ पुसा. एवढ्यानेही भागले नाही तर संशय रिसीव्हरवर. त्याला तीन पाय असतात : वीज, अर्थ आणि सिग्नल. क्रम कंपनीगणिक बदलतो, म्हणून अंदाजाने जोडू नये. विजेच्या पायावर बहुधा ३.३ किंवा ५ व्होल्ट मिळतात. सिग्नलचा पाय एरवी तितकाच वर असतो आणि रिमोट दाबताच मीटरचा काटा किंचित खाली येतो. वीज आहे पण काटा हलत नाही, तर रिसीव्हर बदला. काटा हलतो, तरी टीव्ही ढिम्म, तर दोष पुढे मुख्य पाटीत आहे. तेथे हात घालण्याआधी लक्षात ठेवावे, की प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये घातक दाब काही काळ शिल्लक राहतो.