कोलोनोस्कोपीची घरगुती पूर्वतयारी आणि वैद्याचे कर्तव्य

मलावाटे रक्तस्राव, दीर्घकालीन अतिसार, मलप्रवृत्तीत नव्याने झालेला बदल, अकारण पांडुता व कार्श्य अशा लक्षणांत रुग्णास कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, सुचविली जाते. तपासणी तज्ज्ञ करतात. तयारी मात्र रुग्ण घरी करतो आणि शंका आली की आपल्याकडे किंवा आपल्या औषधालयात येतो. ‘रुग्णालयाने दिलेल्या पावडरीऐवजी एरंडेल घेतले तर चालेल का?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. त्यामागील कारणे व आपली दक्षता यांचा येथे विचार करू.

विरेचन व आंत्रप्रक्षालन यांतील भेद

विरेचनाचा हेतू दोषनिर्हरण, विशेषतः पित्ताचे. त्यासाठी स्नेहपान, अभ्यंग व स्वेदन हे पूर्वकर्म सांगितले आहे. 10, 20 व 30 वेगांनी अनुक्रमे अवर, मध्यम व प्रवर शुद्धी मोजली जाते आणि कफान्त हे तिचे अंतिम लक्षण होय. दुर्बीण तपासणीत अपेक्षा वेगळी असते. गुदापासून उंडुकापर्यंतची श्लेष्मल त्वचा स्पष्ट दिसली पाहिजे. पॉलिइथिलीन ग्लायकोल हे द्रव्य आतड्यात जवळजवळ शोषले जात नाही. ते पाणी धरून ठेवते व मल धुऊन काढते. सोबतच्या क्षारांमुळे शरीरातील क्षारांचा समतोल फारसा ढळत नाही.

सम्यक् विरेचनानंतरही आतड्यात कफ, स्नेह व चूर्णाचे कण राहू शकतात. लहान, चपटा पॉलिप अशा थराखाली दडतो. काही प्रकारचे पॉलिप पुढे कर्करोगात परिणत होतात. म्हणून अपुरी शुद्धी म्हणजे एकतर तपासणीची पुनरावृत्ती किंवा खोटा दिलासा. एरंडेल, इच्छाभेदी रस इत्यादी रेचके त्या द्रावणाच्या जोडीलाही देऊ नयेत. जलक्षय व क्षारक्षय संभवतो.

आपल्या औषधींबाबत

1) लोहयुक्त कल्प : नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, ताप्यादि लोह इत्यादी 7 दिवस आधी थांबवावेत. लोहामुळे मल काळा व चिकट होतो आणि सहजी धुतला जात नाही.

2) इसबगोल व चूर्णे : किमान 5 दिवस आधी थांबवावीत. त्यांचा चोथा दुर्बिणीच्या मार्गात अडकतो.

3) सोनामुखी, काळा बोळ, रेवंदचिनी : दीर्घकाळ सेवन केल्यास आतड्याच्या त्वचेवर तपकिरी-काळसर वर्ण येऊ शकतो. या सेवनाची माहिती तज्ज्ञांना लेखी द्यावी.

4) मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन व रक्त पातळ करणारी औषधे : यांत आपण परस्पर बदल करू नये. उपवासात साखर उतरण्याचा धोका असतो. मात्रा संबंधित डॉक्टरांकडून ठरवून घेण्यास रुग्णास सांगावे.

आहार

आदल्या दिवशी चोथा नसलेला आहार घ्यावा : मऊ भात, मुगाच्या धुतलेल्या डाळीचे वरण, पांढरा पाव. पालेभाज्या, भाकरी, तीळ, जवस, तसेच पेरू, टोमॅटो, वांगी, अंजीर हे बियांचे पदार्थ वर्ज्य. रुग्णालयाने सांगितलेल्या वेळेपासून केवळ पारदर्शक द्रव : गाळलेले लिंबूपाणी, नारळपाणी, दूध न घातलेला चहा, वरणाचे गाळलेले निवळ पाणी. आमसुलाचे सार, डाळिंबाचा किंवा बिटाचा रस टाळावा. त्यांचा तांबडा रंग रक्ताचा आभास निर्माण करतो. मलावष्टंभ जुना असल्यास तज्ज्ञ हा आहार अधिक दिवस सांगतात.

द्रावण घेण्याची पद्धत

आपल्याकडे प्रचलित पुडी बहुधा 2 लिटर पाण्यात मिसळावयाची असते. निम्मे द्रावण आदल्या सायंकाळी व निम्मे तपासणीपूर्वी 4 ते 6 तास सुरू करून किमान 2 तास आधी संपवावे. सर्व द्रावण आदल्या रात्री घेण्यापेक्षा या पद्धतीने शुद्धी चांगली होते. दर 10 ते 15 मिनिटांनी एक पेला घ्यावा. मळमळल्यास अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे. थंड केल्यास चव सुसह्य होते. साखर मिसळू नये. अखेरीस पिवळसर, निवळ पाणी पडणे ही शुद्धीची खूण. वृद्ध रुग्णाजवळ कोणीतरी जागे असावे. रात्रीच्या धावपळीत तोल जातो.

पोट फुगणे, वारंवार उलटी, वायू न सरणे ही लक्षणे असल्यास द्रावण घेऊ नये. आंत्ररोधाची शंका घेऊन रुग्णालयात पाठवावे.

औषधालय चालविणाऱ्यांसाठी

चिठ्ठीवरील पुडी उपलब्ध नसल्यास दुसरी देऊ नये. विशेषतः सोडियम फॉस्फेटच्या द्रावणाने वृक्कांस गंभीर इजा झाल्याची नोंद असून 2008 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याविषयी इशारा दिला होता. वृद्ध, वृक्करोगी, हृद्रोगी यांच्या बाबतीत हा बदल घातक ठरू शकतो.

तपासणीनंतर

गुंगीचे औषध दिलेले असल्यास त्या दिवशी वाहन चालवू नये. आहार तज्ज्ञांच्या सूचनेनुसार सुरू करावा. संसर्जन क्रमातील पेया, विलेपी येथे उपयुक्त ठरतात. पॉलिप काढला असेल किंवा बायोप्सी घेतली असेल तर तज्ज्ञांच्या संमतीशिवाय बस्ती व तीक्ष्ण रेचन देऊ नये. तीव्र उदरशूल, ज्वर किंवा वाढता रक्तस्राव झाल्यास घरी उपचार न करता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

आपण देत असलेल्या औषधींची यादी तपासणीच्या किमान 8 दिवस आधी रुग्णाच्या हाती लिहून द्यावी, ही विनंती.