शस्त्र आणि उत्तरदायित्व

आपल्या कोगनोळीवरून जाणाऱ्या पुणे–बंगळूर महामार्गावर मोटार हाकावयाची, तर चालकाचा परवाना पुरत नाही, विमाही लागतो. सक्ती आहे ती परक्या माणसाच्या नुकसानभरपाईच्या विम्याची. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील हे बंधन १९८८ च्या कायद्यातही कायम राहिले.

आता बंदुकीचा विचार करू. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये पीकरक्षणासाठी शेतकऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. रानडुकरे हाकलण्यासाठी झाडलेला बार चुकून शेजारच्या बांधावरील माणसास लागला, तर न्यायालय अपराध्यास शासन करील; परंतु जखमीच्या औषधपाण्याचे काय? बंदूकवाला निर्धन असेल, तर भरपाईचा हुकूम कागदावरच राहील. या कायद्यात परवानाधारकास विम्याची सक्ती नाही. अमेरिकेतील सॅन होजे नगराने मात्र २०२२ मध्ये बंदूकधारकांस असा विमा सक्तीचा केला.

बुद्धिपुरस्सर केलेल्या हत्येचा भार विमा सहसा उचलीत नाही. गेलेला जीवही तो परत आणीत नाही. तथापि ज्याच्या हाती धोक्याची वस्तू, त्याच्याच माथी तिचे उत्तरदायित्व, हा न्याय रस्त्यावर मान्य आहे. मग तो शिवारात का नसावा? याचा विचार आपण सर्वांनी करावा.