ग्रामपंचायतीची तिजोरी रिकामी झाली तर दिल्ली काय करते?



गटाच्या बैठकीत मी ग्रामपंचायतीचा विषय काढला की एखादी मावशी म्हणतेच, "त्याचं आपल्याले काय करायचं? ते सरपंच अन् ग्रामसेवक पाहतीन." पण नळयोजनेचं वीजबिल थकून मोटार बंद पडली की हंडा कोणाच्या डोक्यावर येतो? म्हणून या महिन्याचा पाठ ग्रामपंचायतीच्या पैशावर.

पैसा येतो कुठून?

एक, गावातून: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर. दोन, राज्य सरकारकडून. तीन, केंद्राकडून, वित्त आयोगामार्फत. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हापासून पंचायतींना आधार कसा द्यायचा हे सुचवणं केंद्रीय वित्त आयोगाचं काम झालं. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. आपल्या राज्यात यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली.

केंद्र ग्रामपंचायत ताब्यात घेऊ शकतं का?

नाही. पंचायत हा राज्याचा विषय आहे. पंचायतीने कामात गंभीर कसूर केली तर १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने राज्य सरकार ती बरखास्त करून प्रशासक नेमू शकतं. तरी सहा महिन्यांत निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते.

मग केंद्राच्या हातात काय? अटी. आपल्या ग्रामसंघाचंच पाहा. समुदाय गुंतवणूक निधी हवा तर गटाने पंचसूत्री पाळली पाहिजे. गट कोणी ताब्यात घेत नाही, पण वह्या अपुऱ्या असल्या की निधी थांबतो. वित्त आयोगाचंही तसंच आहे.

तीन मुख्य अटी

१. निवडून आलेले सदस्य हवेत. प्रशासक बसला की हप्ता अडतो. आपल्या वाशिम जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आला. म्हणजे मत देण्याचा हक्क लांबला की पैसाही लांबतो.

२. हिशोब ऑनलाइन हवा. जमाखर्च आणि लेखापरीक्षण ई-ग्रामस्वराजवर चढवावं लागतं.

३. पैसा ठरलेल्या कामालाच वापरायचा. समजा, १५व्या वित्त आयोगातून गावाला १० लाख आले. त्यातले ६ लाख बंधित: ३ लाख स्वच्छतेला, ३ लाख पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण्याला. उरलेले ४ लाख अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. पण त्यातून पगार देता येत नाहीत.

२०२१ मध्ये काय झालं?

राज्यभर ग्रामपंचायतींची पथदिव्यांची बिलं थकली होती. महावितरणने अनेक गावांची जोडणी तोडली आणि रस्ते अंधारात गेले. तेव्हा राज्याने सांगितलं, बिलं १५व्या वित्त आयोगाच्या पैशातून भरा. सरपंचांनी विरोध केला: विकासाचा पैसा बिलातच गेला तर नाली, शौचालय, अंगणवाडी कशातून करायची?

दोन्ही बाजू समजून घ्या. अंधारात बाईला बाहेर पडायची भीती वाटते, म्हणून दिवा लागलाच पाहिजे. पण दरवर्षी बाहेरच्या पैशातून जुनी थकबाकी फेडणं म्हणजे एका कर्जातून दुसरं कर्ज फेडण्यासारखंच. असं करणाऱ्या गटाचं पुढे काय होतं, ते आपण जाणतो. सोयाबीनला भाव नसला की घरपट्टी राहून जाते, हे खरं आहे. पण ज्यांना झेपतं तेही भरत नाहीत, हेही खरं आहे. गावाची स्वतःची वसुली जितकी कमी, तितकं गाव दुसऱ्याच्या अटींवर चालणार.

आपण काय करायचं?

- ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावरच होऊ देऊ नका.
- तिथे चार प्रश्न विचारा: यंदा वित्त आयोगाचे किती आले? बंधित किती, अबंधित किती? वीजबिल किती थकलं? करवसुली किती झाली?
- घरपट्टी भरली की नमुना १० ची पावती मागून घ्या. पावती नाही तर पैसा नाही, हा नियम आपण गटात पाळतोच.
- गटाने केलेला व्हीपीआरपी आराखडा गावाच्या विकास आराखड्यात गेला का, ते तपासा.
- मोबाईलवर 'मेरी पंचायत' ॲप उघडून गावाचा खर्च पाहा. जमत नसेल तर सीआरपी ताईंची मदत घ्या.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटातल्या किती घरांची घरपट्टी बाकी आहे? का?
२. गावात आधी काय हवं: दिवे, नाली की पाणी? का?
३. महिला सभेत पहिला प्रश्न कोण विचारणार? तिचं नाव आजच इतिवृत्तात लिहा.

गटाचा हिशोब आपण एका रुपयापर्यंत जुळवतो. गावाचा हिशोब त्याहून अवघड नाही, फक्त आकडे मोठे आहेत.

आपली,
क्षेत्र समन्वयक