मुंबईपासून माण किती दूर?

मुळशी तालुक्यातील माण हे गाव मुंबईपासून किती दूर आहे, असे कोणी विचारले तर आधी उलट प्रश्न करा : कोणत्या वाटेने? भूपृष्ठावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. ते काढण्यासाठी विमानात बसावे लागत नाही. अक्षांश, रेखांश आणि पायथागोरसचा सिद्धान्त एवढी सामग्री पुरते.

माण सुमारे १८.६° उत्तर अक्षांश व ७३.७° पूर्व रेखांश येथे आहे. मुंबईचे बोरीबंदर म्हणजेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८.९° उत्तर व ७२.८° पूर्व येथे. अक्षांशांतील फरक ०.३° आणि रेखांशांतील ०.९°.

पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० कि.मी. त्याला ३६० ने भागले की एका अंशाचे १११ कि.मी. होतात. म्हणून दक्षिणोत्तर अंतर ०.३ × १११ = ३३ कि.मी. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर काढताना १११ ला अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. १९° ची कोज्या ०.९५ धरली, तर एका अंशाचे १०५ कि.मी. होतात आणि ०.९ अंशाचे ९५ कि.मी. आता काटकोन त्रिकोणाच्या ३३ व ९५ या बाजू मिळाल्या. कर्ण आला सुमारे १०० कि.मी. हेच हवाई अंतर. कोज्या विसरलात, तर पाच कि.मी.ची चूक होईल! एवढ्या लहान अंतरात पृथ्वीचा बाक सोडून दिला तरी चालते; मुंबई-लंडन अंतर काढताना चालणार नाही.

आता जमिनीवरची वाट पाहू. माणला रेल्वे स्टेशन नाही, म्हणून शेजारच्या पुण्याचे उदाहरण घेऊ. वरील रीतीने मुंबई-पुणे हवाई अंतर सुमारे ११८ कि.मी. येते, लोहमार्गाने मात्र ते १९२ कि.मी. आहे. असे का? लोहमार्ग आधी ईशान्येस कल्याणकडे जातो, मग आग्नेयेस वळतो आणि पुढे सह्याद्री आडवा येतो. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचा तीव्रतम चढ ३७ स 1 आहे. म्हणजे एक मीटर वर चढण्यासाठी गाडीला ३७ मीटर पुढे जावे लागते. कर्जत ते लोणावळा ही सुमारे ५५० मीटरची उंची याच चढाने गाठायची, तरी निदान २० कि.मी. लांबीची वाट हवी. म्हणून घाटातला लोहमार्ग वळणे घेत जातो.

मुळशी धरणाच्या जलाशयाकाठी हा फरक आणखी ठळक होतो. समोरच्या तीरावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण पायी किंवा गाडीने तेथे जायचे तर पाण्याला वळसा घालावा लागतो. अशा गावाला दवाखाना वा शाळा किती जवळ आहे, हे नकाशावर पट्टी ठेवून ठरवले तर तेथल्या माणसांवर अन्यायच होईल. रेडिओलहरींसाठी हवाई अंतर खरे. आजारी माणसासाठी वाटेचे.

आता तुम्ही करून पाहा : तालुक्याच्या नकाशावर आपले गाव आणि जवळचा दवाखाना शोधा. दोहोंमधील अंतर एकदा पट्टीने मोजा, एकदा रस्त्यावर दोरा ठेवून मोजा. दुसऱ्या मापाला पहिल्याने भागा. उत्तर १ च्या जवळ आले, की दीडच्या पुढे गेले? पुढे गेले असल्यास, वाटेत काय आडवे आले ते शोधा.