नानी कॅलिफोर्नियाला गेली, मग?

प्रश्न : मुलीबरोबर 'लिलो अँड स्टिच'चा २०२५चा नवा चित्रपट पाहिला. शेवटी थोरली बहीण नानी धाकटीला शेजारच्या आजीकडे ठेवून शिकायला कॅलिफोर्नियाला जाते. मुलीने विचारले, हवाई म्हणजे अमेरिकाच ना, मग आपल्याच देशात तिला परके का वाटेल? मी म्हटले, आपली कोल्हापूरची मुलगी दिल्लीला जाते तसेच ते. पण माझेच मला पटले नाही. अशा मुलींना तिकडे जाऊन आपण हवाईच्या आहोत हे टिकवता येते का? आणि त्या परत येतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कोल्हापूर-दिल्लीपासून सुरुवात करू, कारण खरी गाठ तिथेच आहे. कोल्हापूरची मुलगी दिल्लीला गेली तरी मागे कोल्हापूर कोल्हापूरच राहते. सुट्टीत ती एस.टी. स्टँडवर उतरली की रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे तिच्याच भाषेत बोलतात. हवाईच्या मुलीला हे नशिबात नाही. २०२०च्या जनगणनेत हवाईची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि त्यात मूळ हवाई वंशाचे लोक, मिश्र वंशाचे धरूनही, पाचांत एक. म्हणजे ही मुलगी घर सोडण्याआधीच स्वतःच्या बेटांवर अल्पसंख्य असते.

'हवाई म्हणजे अमेरिकाच' हे नकाशावर बरोबर आहे, पण हवाईच्या पुष्कळ घरांत ते वाक्य निमूटपणे ऐकून घेतले जाणार नाही. जानेवारी १८९३पर्यंत तिथे राणी लिलिउओकालानीचे राज्य होते. साखरेच्या आणि व्यापाराच्या हितसंबंधांतल्या गोऱ्या मंडळींनी, अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, तिला पदच्युत केले. १८९८मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली, १९५९मध्ये त्यांचे राज्य झाले आणि १९९३मध्ये अमेरिकेच्याच संसदेने त्या उलथापालथीबद्दल ठराव करून माफी मागितली. माफी मागितली, बाकी काही परत दिले नाही. नानीच्या वयाची मुलगी हे शाळेत शिकलेली असते.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. उसाच्या मळ्यांवर चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्स, कोरिया इथून मजूर आले. त्यांची नातवंडे-पतवंडे एकमेकांत मिसळली, आणि आज हवाईत कुठल्याच एका वंशाचे बहुमत नाही. चार आजी-आजोबा चार देशांचे असणे तिथे कुणाच्या भुवया उंचावत नाही. घरात शिरताना चपला दाराबाहेर. वयाने मोठी असलेली कोणतीही बाई आंटी, कोणताही पुरुष अंकल. डब्यात भातावर तळलेल्या मांसाची चकती ठेवून समुद्री शेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेला स्पॅम मुसुबी. बोलणे पिजिनमध्ये, म्हणजे मळ्यांवर घडलेल्या त्या खास बोलीत. यातले काहीच सांगावे लागत नाही. सॅन दिएगोत किंवा डेन्व्हरच्या उपनगरात मात्र सगळेच सांगावे लागते. वर्गात कुणी तिला मेक्सिकन समजते, कुणी फिलिपिनो. तुम्ही झोपडीत राहता का, रोज सर्फिंग करता का, हे प्रश्न येतात. पिजिन बोलली तर हिचे इंग्रजी कच्चे असा शेरा मिळतो. सरकारी फॉर्मवरही फार काळ तिच्यासाठी नीट जागा नव्हती. हवाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना आशियाई गटातून काढून वेगळा रकाना मिळाला तो २०००च्या जनगणनेत.

त्यातच आणखी एक गुंता आहे. हवाईत जन्मलेला प्रत्येक जण तिथे 'हवाईयन' नसतो. तीन पिढ्या होनोलुलूत काढलेले जपानी वंशाचे घर स्वतःला 'लोकल' म्हणवते; हवाईयन फक्त मूळ रहिवाशांचे वंशज. मुख्य भूमीवर हा फरक कुणाच्या गावीही नसतो. तिथे हवाईहून आलेली जपानी वंशाची मुलगी बिनदिक्कत 'हवाईयन' ठरते आणि गोऱ्या रंगाची, पण आजीकडून खरोखर हवाईयन असलेली मुलगी मात्र 'तू तशी दिसत नाहीस' हे ऐकून घेते.

दिसण्यावरून पारख करण्याचा हा खेळ जुना आहे. ज्या हवाईयन मुलीवर तो सगळ्या जगासमोर खेळला गेला ती होती राजकन्या काइउलानी. आई हवाईच्या राजघराण्यातली, वडील स्कॉटिश. अकरा वर्षांची असताना आई वारली. मे १८८९मध्ये, तेराव्या वर्षी, तिला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. थोड्या काळासाठी म्हणून गेलेली मुलगी तिथे आठ वर्षांवर अडकली. कारण मधल्या काळात मामा, राजा कालाकाउआ, वारला, मावशी लिलिउओकालानी गादीवर आली आणि दोन वर्षांत मावशीची गादीही गेली. १८९३च्या मार्चमध्ये सतरा वर्षांची काइउलानी न्यूयॉर्कला उतरली, आपल्या देशाची बाजू मांडायला. पुढे राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडनाही भेटली. अमेरिकी वृत्तपत्रांत तेव्हा तिच्या मावशीची रानटी म्हणून व्यंगचित्रे निघत होती. समोर आली ती उत्तम इंग्रजी बोलणारी, युरोपी पोशाखातली तरुणी. बातमीदार चकित झाले आणि मग तिच्या कपड्यांवर आणि रीतभातीवरच लिहीत बसले. रानटी निघाली असती तर राज्य चालवायला नालायक, आणि सुशिक्षित निघाली तर ती जवळजवळ आपल्यातलीच, मग वेगळा देश हवा कशाला! दोन्हीकडून मार. नव्या शाळेतल्या हवाईयन मुलीला आजही या कात्रीचा छोटा अवतार भेटतो.

काइउलानी १८९७च्या नोव्हेंबरमध्ये घरी परतली, पुढच्या ऑगस्टमध्ये देश गेला आणि मार्च १८९९मध्ये, तेविसाव्या वर्षी, ती वारली. कोआच्या लाकडाची तिची सर्फिंगची फळी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहे. इंग्लंडच्या आठ वर्षांनी ती हवाईयन उरली नाही, असे तिच्या लोकांपैकी कुणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

इथून तुमच्या टिकवण्याच्या प्रश्नाकडे वळतो. 'टिकवणे' म्हटले की आपण गृहीत धरतो की घरी सगळे शाबूत होते आणि बाहेर गेल्यावर ते झिजले. हवाईच्या बाबतीत हे गृहीतच चुकीचे आहे, असे माझे मत. १८९६च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. पुढे वर्गात हवाई भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. आजी-आजोबांनी मुलांशी ती बोलायचे सोडले, आणि १९८०च्या आसपास, एकांड्या नीइहाऊ बेटावरची घरे सोडली, तर ती बोलणारी लहान मुले शोधावी लागत. परतीची वाट त्याच सुमारास धरली गेली. १९७६मध्ये 'होकुलेआ' ही जुन्या धाटणीची जोडहोडी होकायंत्राशिवाय ताहितीला पोचली. तिचा वाटाड्या मॉ पिआइलुग हा मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरचा होता, कारण ती विद्या येणारे हवाईत कुणी उरले नव्हते. १९७८मध्ये राज्यघटनेने हवाई भाषेला इंग्रजीबरोबर अधिकृत दर्जा दिला आणि १९८४मध्ये काउआई बेटावर 'पूनाना लेओ' ही पूर्णपणे हवाई भाषेतली पहिली बालवाडी उघडली.

म्हणजे सत्तरच्या दशकात होनोलुलूतच वाढलेल्या आईपेक्षा आज ओकलंडमध्ये आठवड्यातून दोनदा हुलाच्या वर्गाला जाणाऱ्या तिच्या मुलीला जास्त हवाई येत असेल, हे सहज शक्य आहे. हुला म्हणजे पर्यटकांपुढची कंबर हलवणे नव्हे. हालाऊत, म्हणजे हुलाच्या गुरुगृही, प्रवेश मागायलाही कित्येक ठिकाणी दाराशी उभे राहून पठण म्हणावे लागते. वंशावळी, वाऱ्या-पावसाची नावे, फुलापानांच्या माळा करणे हे सगळे नाचाबरोबर येते. नाच नुसता पाठ करून भागत नाही, आपण कुणाबद्दल गातो आहोत ते माहीत असावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोत पॅट्रिक माकुआकाने हे कुमू, म्हणजे गुरू, १९८५पासून हालाऊ चालवतात. २०२३मध्ये त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. हिलो गावात ईस्टरनंतर भरणाऱ्या 'मेरी मोनार्क' या हुलाच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत कॅलिफोर्नियाचे हालाऊही उतरले आहेत. आणि गंमत म्हणजे २००२च्या मूळ 'लिलो अँड स्टिच'मध्ये जे हवाई पठण ऐकू येते, ते मार्क केआलिई होओमालू यांचे. त्यांचेही शिकवण्याचे ठिकाण कॅलिफोर्नियाच.

तरी सगळे गोड आहे असे समजू नका. हवाईत दोन अनोळखी माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या हायस्कूलमधून पास झालीस? उत्तरावरून गाव, ओळखीपाळखी, दूरचा चुलतभाऊ, सगळे निघते. चौदाव्या वर्षी नेवाडाला गेलेल्या मुलीजवळ या प्रश्नाला उत्तरच नसते. उन्हाळ्यात घरी आल्यावर तिला खटकते ते हे, आणि मुख्य भूमीवरच्या झोपडीबिपडीच्या प्रश्नांपेक्षा जास्त खटकते. त्या बालिश चौकशीवर हसून मोकळे होता येते. आपल्याच काकाच्या मित्राने विचारलेले नुसते हसण्यावारी नेता येत नाही.

नेवाडाचे नाव उगाच घेतले नाही. लास वेगासला हवाईचे लोक 'नववे बेट' म्हणतात. १९७५मध्ये सॅम बॉइड यांनी तिथे कॅलिफोर्निया हॉटेल उघडले, हवाईची गिऱ्हाइके हेरून त्यांच्या जेवणासह सहली आखल्या. लोक आधी जुगाराला गेले आणि पुढे राहायलाच गेले, कारण तिथे घर परवडते. २०२०च्या जनगणनेत मूळ हवाई वंशाचे सुमारे ६ लाख ८० हजार लोक नोंदले गेले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त हवाईबाहेर राहणारे निघाले. तुमच्या नानीची गोष्ट अपवाद राहिलेली नाही. चित्रपटावर हवाईच्या कित्येक प्रेक्षकांनी टीका केली ती याच जखमेमुळे : समुद्री जीवशास्त्र तर हवाई विद्यापीठातही उत्तम शिकवतात, मग मुलीला बाहेर धाडायची एवढी हौस का? चित्रपटातल्या नानीकडे निदान क्षणात घरी पोचवणारे परग्रहावरचे यंत्र आहे.

परत येतात का, तर काही येतात, आणि पुष्कळांना यायचे असते. ओआहू बेटावर स्वतंत्र घराची मध्यम किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. १९२१च्या कायद्याने मूळ हवाईयनांसाठी राखलेली जमीन आहे, वर्षाला एक डॉलर भाड्याने ९९ वर्षांसाठी. पण अर्जदाराचे किमान निम्मे रक्त हवाईयन असावे लागते. या मापाने स्कॉटिश बापाची काइउलानी जेमतेम बसली असती, आणि तिने हवाईयन नसलेल्या कुणाशी लग्न केले असते तर तिच्या मुलांना स्वतःच्या नावाने अर्ज करता आला नसता. प्रतीक्षायादीत २८ हजारांहून अधिक नावे आहेत आणि नंबर लागण्याआधी कित्येक जण गेले. अर्जासाठी वय अठरा पूर्ण लागते. हवाईत राहण्याची अट नाही, त्यामुळे लास वेगासमधली मुलगीही बारावी झाल्या-झाल्या नाव लावू शकते.