आपला माल, आपली आग : दुकानात कोणता अग्निशामक सिलिंडर टांगावा?

गेल्या महिन्यात जुन्या नाशकातील एका गादीवाल्याच्या दुकानात बसलो होतो. रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या, मागच्या खोलीत पिंजणाचे यंत्र, वरच्या मजल्यावर कुटुंब. सहज विचारले, "आग विझवायचे काही ठेवले आहे का?" मालक म्हणाले, "आहे ना, भाई. लायसनच्या वेळी घेतला होता." तो सिलिंडर दिसावा म्हणून आम्हाला तयार गाद्यांची एक रास बाजूला सारावी लागली. त्याचा काटा लाल पट्टीत होता, म्हणजे आतला दाब गेलेला. भरल्याची तारीख पुसली होती. दुकानातील चार माणसांपैकी एकालाही तो चालवता येत नव्हता.

यात त्या गृहस्थांचा दोष मी फारसा मानत नाही. विकणाऱ्याने पावती दिली, भिंतीत खिळा ठोकला आणि तो निघून गेला. आपण कोणता माल ठेवता, असे त्याने विचारले नाही. आपणही विचारले नाही. खरे तर दुकानासाठी साधा वजनकाटा घेतानासुद्धा आपण दहा प्रश्न विचारतो.

कोणी म्हणेल, बंब आहे ना! आहे. महापालिकेचे मुख्य अग्निशमन केंद्र शिंगाडा तलावापाशी आहे. भद्रकाली, दूध बाजार, भांडी बाजार हा सगळा भाग तेथून जवळ. परंतु अडचण त्या अंतराची नसून शेवटच्या दोनशे पावलांची आहे. बंबाची गाडी सुमारे आठ फूट रुंद असते. आपल्या गल्लीत एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला दुचाकींची रांग, वर पत्रे आणि ताडपत्र्या, त्याहून वर विजेच्या तारा. गाडी तोंडाशीच थांबते आणि जवानांना खांद्यावर होज घेऊन धावावे लागते. नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असते. दोन होज पूर्ण दाबाने चालू केल्या तर ते काही मिनिटांतच संपते. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटे दुकानात जो हजर असेल त्याचीच असतात.

(बंब हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. नाशिकचे तांबट बनवत त्या आंघोळीच्या बंबाच्या पोटात आग आणि भोवती पाणी. रस्त्यावरच्या बंबाच्या पोटात पाणी आणि आग समोर.)

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आगीचे प्रकार जळणाऱ्या मालावरून पाडले आहेत. लाकूड, कापड, कागद, रुई हा 'ए' वर्ग. पेट्रोल, थिनर, रंग, स्पिरिट हा 'बी'. गॅस हा 'सी'. मॅग्नेशियमसारखे जळणारे धातू 'डी'. तळणाच्या तेलाचा वर्ग निराळा. बाजारात सर्वाधिक खपतो तो 'एबीसी' पावडरचा सिलिंडर. नाव ऐकून वाटते की तिन्ही वर्ग झाले, काळजी मिटली. ते अर्धेच खरे आहे. पावडर ज्वाळा मारते, झपाट्याने मारते, पण मालातील उष्णता काढून घेत नाही. थिनरच्या थाळीवर तिचे काम चोख होते, कारण तेथे ज्वाळा गेली की बहुतेक काम झाले. रुईच्या गाठीचे तसे नाही.

रुई वरून जळते त्यापेक्षा आतून धुमसते. गाठीच्या पोटात हवा अडकलेली असते आणि तेवढ्यावर निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. वरची ज्वाळा विझलेली पाहून माणूस निश्चिंत होतो आणि रात्री तीच गाठ पुन्हा पेटते. याचा सर्वांत भयंकर धडा मुंबईने घेतला आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या तळघरात कापसाच्या गाठी धुमसू लागल्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, बंब आले, पाण्याचा मारा झाला, तरी गाठींच्या पोटातील आग हाती लागेना. त्याच तळघरात स्फोटके होती. चार वाजून गेल्यावर जहाज फुटले, पाठोपाठ दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. दरवर्षी 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. स्फोटकांची गोष्ट सगळ्यांना आठवते, सुरुवात मात्र कापसापासून झाली होती.

तेव्हा गादीवाले, कापडवाले, टेलर आणि लाकूडकाम करणारे यांनी पावडरच्या जोडीला नऊ लिटर पाण्याचा सिलिंडर ठेवलाच पाहिजे. निदान भरलेला पिंप आणि दोन बादल्या तरी हव्यात. पेटलेली गाठ शक्य असेल तर मोकळ्यावर ओढावी, फोडावी आणि आतपर्यंत भिजवावी. आणखी एक गोष्ट : सुट्या रुईवर किंवा भुशावर अगदी जवळून सिलिंडर मारू नका. त्या झोताने पेटलेली रुई उडून दुसरीकडे पडते. सहा-आठ फुटांवरून सुरुवात करून मग पुढे सरकावे.

चालू विजेवर पाणी कधीही नाही. आधी मेन स्विच बंद. पॅनेलसाठी दोन किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर चांगला, कारण तो मागे घाण ठेवत नाही. त्याच्या काळ्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नये, गारठ्याने कातडी भाजल्यासारखी होते. लहान बंद खोलीत तो मारला तर ताबडतोब बाहेर पडावे, श्वास कोंडतो. त्याला काटा नसतो, भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळते. हॉटेल व फरसाणवाल्यांच्या कढईने पेट घेतला तर पाणी ओतू नये. गॅस बंद करावा आणि मोठे झाकण सरकवावे.

फर्निचर पॉलिशवाल्यांसाठी थोडे अधिक. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाऊन पलीकडच्या खोलीतील शेगडी गाठते, म्हणून खिडकी उघडी असूनही धोका टळत नाही. आणि अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी! ती चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर हवेशी संयोग होऊन आपोआप तापतात आणि काही तासांनी, कोणी काडी न लावता, पेटू शकतात. ती पसरून वाळवावी किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावी. वेल्डिंगवाल्यांनी काम संपल्यावर निदान अर्धा तास जागेवर थांबावे. ठिणगी भुशात शिरली तर लगेच दिसत नाही.

सिलिंडर घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. टांगताना तो दारापाशी, हात पोचेल असा, उघड्यावर टांगावा. भारतीय मानकानुसार दुकानातल्या कोणत्याही जागेपासून तो 15 मीटरच्या आत असावा. दर महिन्याला काटा हिरव्या पट्टीत आहे ना ते पाहावे आणि पावडरचा सिलिंडर एकदा उलटा करून हलवावा, नाहीतर पावडर बसून घट्ट होते. चालवण्याची रीत सोपी : पिन काढा, ज्वाळेच्या बुडाशी नेम धरा, मूठ दाबा, झाडू मारतो तसा झोत डावी-उजवीकडे फिरवा. पाठ नेहमी दाराकडे असावी. लहान सिलिंडर फार तर पंधरा-वीस सेकंद चालतो. तेवढ्यात आग आवरली नाही तर तो टाकून बाहेर पडायचे. दुसरा शोधत बसायचे नाही.

हे झाले उपकरणाचे. पण आपल्या धंद्यातील सर्वांत मोठी गफलत वेगळीच आहे, आणि तिच्यावर कोणताही सिलिंडर चालत नाही. खाली माल आणि वर माणसे, मध्ये एकच जिना. 3 एप्रिल 2024 रोजी, रमजानमध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे एका शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावरचे एकाच कुटुंबातील सात जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, धुराने गुदमरून ते गेले. चार्जिंगला लावलेल्या विजेच्या वाहनाबद्दल तेव्हा शंका व्यक्त झाली होती. त्याआधी 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज येथे हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार गेले. 18 मे 2025 रोजी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार मिळून आठ जण गेले. तेही कारखान्याच्या आवारातच राहत होते. तिन्ही घटना रात्रीच्या किंवा पहाटेच्या, माणसे झोपेत असतानाच्या.

आपल्यातील बहुतेकांना दुसरे घर घेणे परवडत नाही, हे मलाही कळते. पण जिन्याखाली रुई, फोम, थिनरचा डबा किंवा चार्जिंगची दुचाकी न ठेवणे परवडते. दुकान आणि जिना यांमध्ये घट्ट बंद होणारे दार बसवणे परवडते. गच्चीचे कुलूप काढणे किंवा त्याची किल्ली तेथेच खिळ्याला लावणे फुकट आहे. कामगार आत झोपत असतील तर शटरला बाहेरून कुलूप घालू नका, मग माल चोरीला जाण्याची भीती कितीही असो. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर पावडर मारत बसू नये. ती पुन्हा पुन्हा भडकते, तिला पुष्कळ पाणी लागते. माणसे बाहेर काढावीत आणि 101 फिरवावा. 112 वरूनही मदत मिळते, रुग्णवाहिकेसाठी 108. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये.

बंब आला की मालकाचे एक काम उरते. आत काय आहे ते खरे सांगावे. येथे आपली माणसे कच खातात. दुकानात घरगुती गॅसचा सिलिंडर वापरला होता, स्पिरिटचा साठा जास्त होता, पोटमाळा बिनपरवान्याचा होता. दंड होईल म्हणून कोणी बोलत नाही. आणि जवान त्याच अंधारात शिरतो. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. ती कोसळून मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर त्यांतच होते. आपले वाडेही लाकडी तुळयांवरच उभे आहेत. कोणता मजला लाकडी, कोठे माळ्यावर वजन आहे, किती सिलिंडर आणि कोणत्या कोपऱ्यात, हे चार वाक्यांत सांगितले तर एखाद्याचा मुलगा घरी परत जातो.

बंबामागे धावणारी पोरे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. सायरन ऐकला की जेवणावरून उठतात. कोणती गाडी नवी, कोणती शिडी किती उंच जाते, हे त्यांना तोंडपाठ असते. आता हातात मोबाइल आल्याने ती गल्लीच्या तोंडाशी चित्रण करत उभी राहतात आणि होज त्यांच्याच पायांत अडकते. त्यांना हाकलण्यापेक्षा कामाला लावावे : दोघांनी दुचाकी हलवाव्यात, एकाने चौकात थांबून बंबाला वाट दाखवावी, एकाने जवळच्या विहिरीचे किंवा टाकीचे झाकण उघडावे. ज्याची आवड खरी असेल त्याने पुढचा विचार करावा. मुंबईत विद्यानगरी येथे राज्य शासनाच्या अग्निशमन केंद्रात फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. नागपूरला केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून आहे. खासगी संस्थांच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. फी भरण्याआधी त्यांचे प्रमाणपत्र भरतीत चालते का, हे अग्निशमन केंद्रावर जाऊन विचारावे.

कायद्याचे थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. त्याखाली येणाऱ्या इमारतीत अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून 'नमुना ब' दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. दाखला मिळाला म्हणजे सिलिंडर चालवता आला, असे मात्र नव्हे.

त्या गादीवाल्याने पुढच्याच आठवड्यात दोन सिलिंडर आणले, एक पावडरचा, एक पाण्याचा, आणि दोन्ही जिन्याच्या तोंडाशी लावले. शेजारच्या फर्निचरवाल्याचा पावडरचा सिलिंडर पुन्हा भरायला जायचाच होता. तो वाया जाऊ नये म्हणून शुक्रवारी दुपारी आम्ही मोकळ्या मैदानात गेलो, निकामी रुईचा लहानसा ढीग पेटवला आणि गादीवाल्याच्या धाकट्या मुलाच्या हाती सिलिंडर दिला. पहिला झोत वर गेला, दुसरा बुडाशी बसला. ज्वाळा क्षणात गेली. सगळ्यांनी वाहवा केली, वडिलांनी पाठ थोपटली. आम्ही चहा मागवला. चहा येईपर्यंत पांढऱ्या पावडरीखालून पुन्हा धुराची बारीक रेघ वर येऊ लागली. मुलाने एकदा ढिगाकडे पाहिले आणि कोणी न सांगता पाण्याची बादली उचलली.