औरंगपुऱ्यात लॅपटॉप दुरुस्तीला देताय? आधी दर लिहून घ्या

लॅपटॉप चालूच होत नाही? लगेच दुकान गाठू नका. चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग पुन्हा चार्जर लावून पाहा. पंख्याचा आवाज येतोय पण स्क्रीन काळीच, तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं म्हणजे बिघाड बहुतेक स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. एवढं माहीत असलं, की ‘मदरबोर्ड गेलाय’ असं कुणी सहज तुमच्या गळी उतरवू शकत नाही.

मग वॉरंटी पाहा. तळाशी छापलेला सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की तारीख कळते. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर उघडू देऊ नका, अधिकृत केंद्रातच जा. चहा-पाणी सांडलं असेल तर मात्र साधी वॉरंटी कामाची नाही.

छत्रपती संभाजीनगरातला औरंगपुरा, निराला बाजार, पैठण गेट हा सगळा पट्टा पायी फिरता येतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारूनच ठरवा. संध्याकाळी गुलमंडीच्या बाजूची गर्दी आणि पार्किंग नकोसं होतं. दुकानं उघडल्यावर सकाळीच उरकून घ्या.

दर मॉडेलनुसार बदलतात, तरी घासाघीस करण्यापुरता अंदाज असा: सफाई आणि थर्मल पेस्ट ५०० ते १,०००, कीबोर्ड १,००० ते २,५००, बॅटरी १,५०० ते ५,०००, १५.६ इंची स्क्रीन ३,५०० ते ७,००० रुपये. रॅम आणि एसएसडीचे भाव सतत हलतात, ते त्याच दिवशी विचारा. सुटा भाग दुकानात असला तर काम एका दिवसात होतं; बाहेरून मागवायचा झाला तर आठवडा धरून चाला.

पैसे खरे जातात ते न विचारलेल्या गोष्टींत. दुरुस्ती नको म्हटलं तर तपासणीचे किती? दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का? ४,००० चे ४,७२० इथेच होतात. बॅटरी कंपनीची की ‘कम्पॅटिबल’, आणि गॅरंटी किती महिन्यांची? हे सगळं पावतीवर लिहून घ्या. सोबत सीरियल नंबर, रॅम आणि एसएसडीची क्षमताही नोंदवा. बदललेला जुना भाग परत मागा.

विंडोज नव्याने टाकायचे पैसे द्या, परवान्याचे देऊ नका. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना सहसा मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो. फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारं सॉफ्टवेअर तर अजिबात नको, त्यातूनच व्हायरस शिरतात.

देण्यापूर्वी बॅकअप घ्या, ब्राउझरमधून लॉग आउट व्हा. मदरबोर्डचं काम असेल तर बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलुपाची) ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. ती नसली तर फाइल्स कायमच्या जाऊ शकतात. स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही.

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. दुपारी गादीवर ठेवून वापरू नका. कूलरच्या थेट झोतातही नको, ओलावा आत जातो.

दुकानदार हात वर करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. तिथे पहिल्यांदा पावतीच मागतील.